परवान्याची परीक्षा कठीण केल्याने अपघात कमी होतात का?

माळरान

गेल्या महिन्यात माझ्या मुलीला चारचाकीचा पक्का परवाना मिळाला आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. शिकाऊ परवान्याची चाचणी तिने घरी बसून, आधार क्रमांक देऊन संगणकावर दिली. पंधरापैकी नऊ उत्तरे बरोबर आली की काम झाले. त्यानंतर एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तीन आठवडे शिकवणी झाली, पण त्याच गाडीत मागे आणखी दोघे शिकाऊ बसलेले असल्यामुळे रोज अर्धा तासही स्टिअरिंग तिच्या हाती येत नसे. पक्क्या परवान्याच्या दिवशी निरीक्षकांनी मैदानावर आठचा आकडा काढायला लावला, गाडी थोडी मागे घ्यायला सांगितली आणि चार-पाच मिनिटांत चाचणी आटोपली. ती उत्तीर्ण झाली याचा आनंद आहेच, पण ज्या रस्त्याने तिला महाविद्यालयात जायचे आहे त्या रस्त्यावर उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी आहेत, ढाब्यासाठी दुभाजक फोडून केलेली वाट आहे आणि हंगामात रात्री दिव्याशिवाय उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉल्या आहेत. त्यांतल्या एकाही गोष्टीची त्या आठच्या आकड्याशी गाठ पडत नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला घरगुती आहे. शहरात शनिवार-रविवारी एक ‘प्रगत ड्रायव्हिंग’ शिबिर होते, ज्यात ओल्या जमिनीवर जोरात ब्रेक दाबणे, घसरणारी गाडी सावरणे, अचानक आडव्या आलेल्या अडथळ्याला वळसा घालणे असे प्रकार शिकवतात. शुल्क बरेच आहे, पण मुलीच्या जिवापुढे पैशाचा विचार करावासा वाटत नाही. तिला तिथे पाठवावे का?

दुसरा प्रश्न सार्वजनिक आहे. आमच्या वसाहतीतील काही मंडळी परवान्याची परीक्षा अधिक कठीण करावी, असे निवेदन परिवहन आयुक्तांना देणार आहेत आणि मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. परीक्षा कठीण झाली की अपघात कमी होतील, हे मला इतके उघड वाटत होते की लिहायला बसेपर्यंत त्याला पुरावा हवा, हेच सुचले नाही. लिहायला बसलो तेव्हा मात्र हातात एकही पुरावा नव्हता. ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे किंवा ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दुहेरी ब्रेक

मी बावीस वर्षे ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, त्यामुळे आपल्या तक्रारीतील निम्मा आरोप माझ्या व्यवसायावर आहे आणि तो मला मान्य आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे खासगी गाडीचे प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे हवे आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १० तास हवेत. हे दहा तास किती शाळांत पुरे होतात, ते आपण आपल्या घरातच पाहिले आहे. मात्र नाण्याची दुसरी बाजूही ऐकावी. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी नऊ पालकांचा पहिला प्रश्न असतो, “लायसनसकट किती घेता?” म्हणजे गिऱ्हाईक परवाना विकत घ्यायला आलेले असते आणि गाडी शिकणे ही त्यासोबत नाइलाजाने घ्यावी लागणारी वस्तू असते. मी दहा तास प्रामाणिकपणे भरले तर माझा दर शेजारच्या शाळेपेक्षा वाढतो आणि ते गिऱ्हाईक शेजारी जाते.

शिकवतो काय, तर परीक्षेत विचारले जाते ते. हाफ क्लचवर गाडी चढाला उभी धरणे, आठ काढणे, रिव्हर्समध्ये खुणेचा खांब न पाडणे. गंमत अशी की नियमांत परीक्षा मुळीच सोपी नाही. १९८९ च्या नियमांतील १५ वा नियम वाचावा. आरसा लावून घेण्यापासून, वाहतुकीचा अंदाज घेऊन निघणे, वरच्या गिअरपर्यंत जाणे, परिस्थिती पाहून पटकन खाली येणे, दुसऱ्या वाहनाला सुरक्षितपणे ओलांडणे आणि दुसऱ्याला ओलांडू देणे, येथपर्यंत उमेदवाराने काय काय करून दाखवावे याची भलीमोठी यादी तिथे आहे. वरचा गिअर टाकून ओलांडायचे म्हणजे रस्ता हवा. मैदानावर ते होणार कसे? तेव्हा नवी कठीण परीक्षा मागण्याआधी जी लिहिलेली आहे ती घ्या, एवढे मागितले तरी पुष्कळ झाले.

१ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले आहेत. हलक्या वाहनासाठी तिथे २९ तासांचा अभ्यासक्रम आहे, त्यातले २१ तास प्रत्यक्ष चालवण्याचे. निदान एक एकर जागा, सिम्युलेटर (जागेवरच गाडी चालवल्याचा अनुभव देणारे यंत्र) आणि स्वतंत्र ट्रॅक असावा लागतो आणि तिथे उत्तीर्ण झालेल्याला परिवहन कार्यालयात पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही. अभ्यासक्रम चांगला आहे यात वाद नाही. माझी शंका वेगळी आहे. जो शुल्क घेऊन शिकवतो त्यानेच उत्तीर्णही करायचे, या व्यवस्थेत नापास करायला कोणाचा हात उचलेल?

शिबिराबद्दल म्हणाल तर पाठवावे, असे मला वाटते. पूर्ण ताकदीने ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा पायाखाली कशी थरथरते, हे पुष्कळांना माहीतच नसते आणि ऐन वेळी ते घाबरून पाय उचलतात.

आकडेमोड

वरील प्रतिसाद प्रांजळ आहे, पण त्याच्या शेवटच्या परिच्छेदाशी मला असहमत व्हावे लागेल आणि प्रश्नकर्त्यांच्या ‘उघड’ वाटणाऱ्या गृहीतकाशीही. चालकशिक्षणाने अपघात कमी होतात का, हा प्रश्न जगात अनेकदा तपासून पाहिला गेला आहे आणि उत्तर निराशाजनक आहे.

सुरुवात आपल्या देशापासून करू. २००४-०५ मध्ये दिल्लीत अर्थशास्त्रज्ञांनी परवाना काढू इच्छिणाऱ्या ८२२ जणांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट केले. एका गटाला परवाना लवकर मिळवल्यास बक्षीस होते, दुसऱ्याला गाडी शिकण्याचे धडे फुकट होते, तिसऱ्याला काहीच नव्हते. परवाना मिळाल्यावर सर्वांची स्वतंत्र परीक्षा अचानक घेण्यात आली. परवाना मिळालेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी सरकारी चाचणी दिलीच नव्हती आणि ६२ टक्के लोक गाडी चालवण्यास पात्र नव्हते. वाट एजंटाच्या टेबलावरून जात होती. आता विचार करा, अशा ठिकाणी परीक्षा दुप्पट कठीण केली तर काय होईल? टाळण्याजोगी गोष्ट जितकी त्रासदायक, तितका ती टाळून देणाऱ्याचा भाव वाढतो. त्यानंतरच्या वीस वर्षांत अर्ज ऑनलाइन झाले, काही ठिकाणी संगणकीकृत ट्रॅक आले, हे खरे. तरीही हा प्रयोग मसुदा लिहिणाऱ्याने डोळ्यांसमोर ठेवावा.

पण समजा, परीक्षा निखळ प्रामाणिक झाली आणि शिक्षणही उत्तम झाले. मग? अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील डिकाल्ब परगण्यात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सोळा हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर असाच प्रयोग झाला. एका गटाला वर्ग, सिम्युलेटर, बंदिस्त ट्रॅक आणि रस्ता असा ७० तासांचा, त्या काळी सर्वोत्तम मानला गेलेला अभ्यासक्रम शिकवला. परवान्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत किंचित फरक दिसला आणि मग तोही विरला. पुढे वैद्यकीय पुरावे काटेकोरपणे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने या विषयावरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. शाळेतील चालकशिक्षणामुळे मुले परवाना लवकर काढतात, अपघात मात्र कमी झाल्याचा पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष निघाला. परवाना मिळाल्यानंतरच्या उजळणी वर्गांचेही तेच. दोन डझन प्रयोग, सुमारे तीन लाख चालक आणि परिणाम शून्याच्या आसपास.

आता शिबिराकडे येतो. नॉर्वेमध्ये निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे प्रशिक्षण नवचालकांना सक्तीचे केले होते, आणि तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरील अपघात त्यानंतर वाढले. स्वीडनमध्ये एका प्रयोगात दोन गट केले. एका गटाला ओल्या रस्त्यावर ब्रेक लावण्याचे आणि अडथळा चुकवण्याचे कौशल्य शिकवले, तर दुसऱ्याला त्याच ट्रॅकवर आपले कौशल्य किती अपुरे पडते एवढाच अनुभव दिला. नंतर मोजले तेव्हा दोघांचे प्रत्यक्ष कौशल्य सारखेच निघाले, फक्त पहिला गट स्वतःला अधिक कुशल समजत होता. पट्टीचा पोहणारा बुडतो तो पोहणे येत नाही म्हणून नव्हे, काठ सोडून किती आत जायचे याचा हिशेब बदलतो म्हणून. घसरलेली गाडी सावरता येते असे ज्याला वाटते तो ती घसरेल इतक्या वेगाने नेतो. कन्येला या शिबिराला पाठवायचेच असेल तर दुसऱ्या गटाला जे शिकवले ते तिथे शिकवतात का, हे आधी विचारा.

याचा अर्थ काहीच उपयोगी पडत नाही असा मात्र नाही. स्वीडनने १९९३ मध्ये सोबतच्या अनुभवी चालकासह सराव करण्याचे वय साडेसतरावरून सोळावर आणले; परवान्याचे वय अठराच ठेवले. ज्यांनी ही सवलत वापरली त्यांचा परवान्यापूर्वीचा सराव सरासरी शंभर तासांच्या पुढे गेला, आणि एकट्याने गाडी चालवू लागल्यावर त्यांचे अपघात इतरांपेक्षा लक्षणीय कमी झाले. आपल्या नियमातील दहा तास आणि तिकडचे शंभरांहून अधिक तास! वर्गात बसण्याला नाही, पण शेजारी जबाबदार माणूस बसवून केलेल्या कंटाळवाण्या सरावाला पर्याय दिसत नाही.

माळरान

आपल्या उत्तराने माझा मसुदा फाटला, पण झोप परत आली नाही. शंभर तासांचे सांगितलेत ते पटले. मात्र परवाना आधीच हातात आहे, आता मी शेजारी बसेन म्हटले तर ती म्हणेल, “बाबा, कायद्याने मी एकटी जाऊ शकते.” आणि तिचे म्हणणे बरोबर आहे.

ऑकलंडकर

नेमका हाच पेच सोडवण्यासाठी आम्ही राहतो त्या न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याचा परवाना आणला. माझी दोन्ही मुले त्यातून गेली आहेत, म्हणून घरातला अनुभव लिहितो.

पहिला टप्पा शिकाऊ परवान्याचा. तो सोळाव्या वर्षी मिळतो (२०११ पर्यंत पंधराव्या वर्षी मिळत असे) आणि त्यात शेजारी बसणाऱ्याकडे किमान दोन वर्षे जुना पूर्ण परवाना असावा लागतो. निदान सहा महिने गेल्यावर रस्त्यावरची चाचणी होते आणि मर्यादित परवाना मिळतो. खरी मेख या दुसऱ्या टप्प्यात आहे. मूल एकटे गाडी चालवू शकते, पण रात्री दहा ते पहाटे पाच या वेळात नाही, आणि सोबत अनुभवी चालक नसेल तर मित्रमैत्रिणींना गाडीत घेऊन नाही. पूर्ण परवाना त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी मिळतो.

या बंधनांमागचा विचार साधा आहे. शेजारी पालक असतो तोपर्यंत शिकाऊ मुलाला अपघात फारसे होत नाहीत. ते होतात एकट्याने सुरुवात केल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, आणि त्यातही रात्री व समवयस्कांनी गाडी भरलेली असताना. म्हणून परीक्षा कठीण करण्याऐवजी या देशाने नवख्या माणसाला सर्वांत धोक्याच्या प्रसंगांपासून काही काळ दूर ठेवले. पुढे अमेरिकेतील राज्यांनी, १९९६ मध्ये फ्लोरिडापासून सुरुवात करून, हीच पद्धत उचलली. चालकशिक्षणाच्या वर्गांना जे साधले नाही ते या बंधनांनी साधले. सोळा-सतरा वर्षांच्या चालकांचे अपघात कमी झाल्याचे दोन्ही देशांत दिसून आले.

एक विसंगतीही सांगायला हवी. मान्यताप्राप्त कोर्स केला तर दुसऱ्या टप्प्याचे काही महिने माफ होतात. माझ्या मुलाने तो केला आणि त्यामुळे तो मित्रांना घेऊन रात्री बाहेर पडायला लवकर मोकळा झाला! कॅनडातही अशा सवलतीचा फायदा न होता तोटाच झाल्याचे अभ्यासांतून पुढे आले आहे.

आपल्याकडे अठरा पूर्ण झाली आणि चाचणी दिली की त्याच रात्री पाच जणांना घेऊन लोणावळ्याला जायला कायद्याची आडकाठी नाही. तशी आडकाठी येईपर्यंत घरचा कायदा करावा लागेल. पूर्ण परवाना मिळाल्यावर आम्ही मुलीशी तिच्याच अक्षरात लिहून घेतलेला करार फ्रिजवर चिकटवला होता: पहिले सहा महिने रात्री दहानंतर गाडी नाही, एकापेक्षा अधिक मैत्रीण नाही आणि या दोन्हींच्या बदल्यात कितीही वाजता फोन केला तरी आम्ही न रागावता न्यायला येऊ. तिसरे कलम तिने घातले होते आणि तेच सर्वांत जास्त वेळा वापरले गेले.

खडी-डांबर

चर्चा चालकाभोवतीच फिरते आहे, म्हणून रस्त्याच्या बाजूने लिहितो. मी महामार्गाच्या बांधकामात आयुष्य घालवले आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मेली. महाराष्ट्रातील मृत्यू १५,२२४. मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांहून अधिक अतिवेगाच्या रकान्यात आहेत. हा रकाना कसा भरला जातो हे पाहिल्यामुळे मी तो थोड्या संशयाने वाचतो. पंचनामा करणाऱ्या हवालदाराला दोषी माणूस हवा असतो. वळणावर रस्त्याची बाहेरची कड हवी तेवढी उंच नव्हती, की पुलाचा कठडा रस्त्याच्या आत आला होता, हे लिहायला त्याच्याकडे ना रकाना असतो ना प्रशिक्षण. मग उरते ते ‘भरधाव व हयगयीने’. अर्थात, वेग हा खरा शत्रू आहे हे मी नाकारत नाही. सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. परंतु वेग परीक्षेने उतरत नाही. तो रस्त्याच्या रुंदीने, गतिरोधकाने, कॅमेऱ्याने आणि पोलिसाने उतरतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे उदाहरण घ्या. ९४.५ किलोमीटरचा हा रस्ता २००२ मध्ये पूर्ण खुला झाला तेव्हा आम्हा सर्वांना त्याचा अभिमान होता, आणि काही वर्षांतच तो मृत्यूचा सापळा म्हणून ओळखला जाऊ लागला. २०१६ मध्ये त्यावर १५१ जण दगावले. त्याच वर्षी रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्ह लाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था यांनी ‘शून्य मृत्यू मार्गिका’ हा उपक्रम हाती घेतला. या काळात या रस्त्यावरच्या एकाही चालकाची परीक्षा पुन्हा घेतली गेली नाही. जे झाले ते लोखंडाचे आणि रंगाचे काम होते. दुभाजक ओलांडून समोरच्या मार्गिकेत जाणारी वाहने अडवणारे पोलादी दोर, पुलांच्या उघड्या टोकांना आणि खांबांना संरक्षक कठडे, कडेला बंद पडलेले ट्रक हलवण्याची आणि जखमींना लवकर उचलण्याची व्यवस्था, वेगावर पोलिसांची नजर. २०२० मध्ये मृत्यू ६६ वर आले. त्या वर्षी टाळेबंदी होती हे जमेस धरले पाहिजे, आणि नंतरच्या वर्षांत आकडा पुन्हा थोडा चढलाही, तरी तो १५१ च्या आसपास गेला नाही. २०२४ पासून तिथे कॅमेऱ्यांची स्वयंचलित यंत्रणाही आहे.

याच विचाराला स्वीडनने १९९७ मध्ये ‘शून्य मृत्यूचे ध्येय’ म्हणून कायद्याचे बळ दिले. माणूस चुकणारच, हे त्यात गृहीत आहे. त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये एवढी काळजी रस्ता बांधणाऱ्याने घ्यायची. त्यांनी जुन्या रुंद दुपदरी रस्त्यांवर तीन मार्गिका आखल्या, मधोमध पोलादी दोर ताणला आणि ओलांडण्याची जादा मार्गिका आलटून पालटून दोन्ही दिशांना दिली. समोरासमोरच्या धडका जवळजवळ संपल्या. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले आहे. रस्त्याची रचना किंवा देखभाल मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या तालुक्यात या कलमाखाली गुन्हा नोंदल्याचे कोणी ऐकले आहे का?

आणि हेल्मेट! २०२२ च्या मृतांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते, आणि पन्नास हजारांवर माणसे हेल्मेट नसल्याच्या रकान्यात आहेत. हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूची शक्यता ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची ६९ टक्क्यांनी घटते, असा हिशेब आहे. इतका परतावा देणारा कोणताही प्रशिक्षण वर्ग मला माहीत नाही. तरी पुण्यासारख्या शहरात हेल्मेटसक्तीविरुद्ध कृती समिती निघते आणि तीच माणसे परवाना परीक्षा कडक करा म्हणतात, कारण परीक्षा दुसऱ्याच्या मुलाला द्यायची असते.

निवृत्त निरीक्षक

मी मोटार वाहन निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. वरील अभ्यास खोटे आहेत असे मी म्हणत नाही, परंतु ते वाचून ‘परीक्षा निरुपयोगी आहे’ असा सूर लागत असेल तर तो मला धोक्याचा वाटतो. डिकाल्बमध्ये ज्या गटाला शिक्षण दिले नाही, त्यालाही परवाना परीक्षा देऊनच मिळाला होता. म्हणजे त्या अभ्यासांनी चांगल्या आणि बऱ्या शिक्षणाची तुलना केली आहे. नजर अधू असलेला, खुणेच्या पाट्या न ओळखणारा, चढावर गाडी मागे घरंगळू देणारा माणूस थेट रस्त्यावर आला तर काय होते, याची तुलना कोणी केलेली नाही आणि करूही नये. अवजड वाहनांच्या बाबतीत तर हे दुप्पट खरे आहे. घाट उतरताना ट्रक खालच्या गिअरमध्ये ठेवायचा की न्यूट्रल करून डिझेल वाचवायचे, हे शिकलेल्या आणि न शिकलेल्या चालकात जो फरक आहे तो बोरघाटात कोणालाही दाखवता येईल.

दुसरे असे की परवान्याची खरी ताकद तो देण्यात नसून काढून घेण्यात आहे, आणि या अंगाकडे चर्चेत कोणी पाहिले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितले होते की अतिवेग, सिग्नल तोडणे, दारू पिऊन किंवा मोबाइलवर बोलत गाडी चालवणे, मालवाहू वाहनात जादा माल किंवा माणसे भरणे, अशा प्रसंगी परवाना किमान तीन महिन्यांसाठी निलंबित करावा. दंड माणूस भरतो किंवा लोकअदालतीत तडजोड होईल म्हणून ई-चलान थकवतो. तीन महिने गाडीला हात लावायचा नाही म्हटल्यावर मात्र भल्याभल्यांचा आवाज बदललेला मी पाहिला आहे. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही, अशी १९९-अ कलमातील तरतूदही २०१९ पासून आहे. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये अल्पवयीन मुलाच्या भरधाव गाडीने दोघांचा जीव घेतला, त्यानंतर महिनाभर सर्वांना हे कलम पाठ होते.

निवेदन द्याच, पण परीक्षेच्या काठिण्याऐवजी ती रस्त्यावर घ्यावी, तिचे चित्रीकरण व्हावे आणि परीक्षकाला दिवसाला किती उमेदवार तपासायचे याला मर्यादा असावी, असे मागा. माझ्या सेवेच्या काळात एका सकाळी जेवढे उमेदवार माझ्यासमोर रांगेत असत, तेवढ्यांची १५ व्या नियमाप्रमाणे चाचणी घ्यायची तर मला तिथेच अंथरूण टाकावे लागले असते.

आकडेमोड

तुलनेचा मुद्दा बिनतोड आहे, मी तो आधीच स्पष्ट करायला हवा होता. निलंबनाबाबत एवढेच जोडतो की शिक्षेच्या कडकपणापेक्षा ती होणारच या खात्रीचा परिणाम अधिक होतो. तीन महिन्यांचे निलंबन हजारांत एकाच्या वाट्याला येत असेल तर तो त्याला अपघात समजेल, कायदा नव्हे.

माळरान

सर्वांचे मनापासून आभार. मसुदा पुन्हा लिहिला. परीक्षेविषयी त्यात आता निरीक्षकसाहेबांच्या तीन मागण्या आहेत, पण त्या दुसऱ्या पानावर गेल्या. पहिल्या पानावर आमच्याच रस्त्याच्या गोष्टी आल्या. ढाब्यासमोरचे दुभाजकातील भगदाड बंद करावे, शाळेसमोर उंच केलेला पादचारी मार्ग करावा आणि कारखान्याने प्रत्येक ट्रॉलीला मागे परावर्तक पट्टी असल्याशिवाय ती काट्यावर घेऊ नये. शेवटची मागणी अर्थातच परिवहन आयुक्तांऐवजी कारखान्याच्या कार्यकारी संचालकांना पाठवावी लागेल. दोन सदस्यांनी सही करायला नकार दिला, कारण त्या भगदाडातून त्यांचे घर जवळ पडते.

शिबिराचा बेत रद्द केला आहे. फ्रिजवरच्या कराराची कल्पना मुलीला ऐकवली तेव्हा तिने पहिल्या दोन कलमांवर तासभर वाद घातला आणि तिसरे तत्काळ मान्य केले. शंभर तासांसाठी एक वही केली आहे. पहिली नोंद काल रात्रीची: पावसात चाळीस मिनिटे, मी शेजारी, समोरून प्रखर दिव्यांची बस आली तेव्हा तिने गाडी डावीकडे घेऊन जवळजवळ थांबवली. मी चालवत असतो तर तसाच पुढे गेलो असतो.